नावाच्या रकान्यातला शब्द

१

सर्व्हर पुन्हा सुरू झाला, हिरवे दिवे लुकलुकले, आणि नीलम तायडेनं पडद्याकडं पाहिलं. 'वरूड' नावाचा फोल्डर जागच्या जागी होता. आत मात्र काहीच नव्हतं.

तिनं तो बंद करून पुन्हा उघडला. शेजारचे फोल्डर पाहिले, ते सगळे शाबूत. बॅकअपची डिस्क आज देखभालीसाठी म्हणून तिनंच सकाळी सर्व्हरला जोडली होती. त्या डिस्कवरचं वरूडही साफ, बाकी सगळं जसंच्या तसं. यंत्र बिघडलं तर सरसकट बिघडतं. ते असं निवडून, वेचून एकच घास खात नाही. हे कुणीतरी हातानं केलं होतं.

अमरावतीच्या त्या विद्यापीठातला मृद-जलशास्त्र विभाग काही फार मोठा नव्हे, पण वरूडच्या आकड्यांवर त्याची सगळी ऐट होती. संत्रा बागांत जमिनीखाली किती ओल राहते, ते मोजणारी उपकरणं विभागानं तिकडे पुरली होती. डॉ. अनुप जगतापांचा गाजलेला शोधनिबंध त्या आकड्यांवर उभा होता, आणि मोनाली खेरडे या विद्यार्थिनीची पीएच.डी. त्याच आकड्यांवर उभी राहायची होती. ते मूळ आकडे सांभाळायचे, ही नीलमची नोकरी. तीही कंत्राटावरची.

शनिवारची दुपार होती. सर्व्हर देखभालीसाठी बंद राहील, असं तिनं सगळ्यांना आधीच कळवलं होतं. बाहेरचं नेटवर्क तिनं तोडून ठेवलेलं, म्हणजे जे काही झालं ते याच खोलीत, याच कीबोर्डवर. सर्व्हर चालूच ठेवून ती मधे खाली गेली होती, यूपीएसच्या बॅटऱ्या बदलून घ्यायला. एसी बंद, खोलीचा नुसता भट्टा, म्हणून दार उघडं ठेवून गेली. तेवढ्यात कुणीतरी येऊन बसलं होतं.

विभागप्रमुख डॉ. अश्विन बोंडे धापा टाकत आले. त्यांनी आत शिरलेल्यांची नोंद उघडायला लावली.

"कोण घुसलं होतं?"

"अॅडमिन, सर."

"अॅडमिन म्हणजे कोण?"

"मी, सर. पण मी त्या वेळी खाली होते..."

"पासवर्ड कोणाकोणाला माहीत?"

"मला. आणि तुमच्या कपाटातल्या पाकिटात आहे."

बोंडे सर तसेच गेले आणि पाकीट घेऊन आले. लाखेचा शिक्का जसाच्या तसा, त्यावर धूळ बसलेली. त्यांनी ते नीलमसमोर धरलं.

"बुधवारी बैठक आहे," ते म्हणाले. "तोवर तुम्ही सर्व्हरला हात लावायचा नाही. चौकशीला अकोल्याहून मॅडम येतील. त्यांना काही सापडलं नाही, तर मला पोलिसांत नाव द्यावं लागेल. आणि नाव एकच आहे."

नोकरी गेली असती तर तिनं दुसरी पाहिली असती. पण आकडे पुसणारी बाई, हे नाव एकदा लागलं की सर्व्हरच्या खोलीच्या दारातही कुणी उभं करणार नव्हतं. तिच्या पर्समध्ये फोन थरथरला. पडद्यावर 'मोठी माय'. मोठी माय म्हणजे थोरल्या काकांची बायको, पार्वताबाई. वऱ्हाडात काकूला असंच म्हणतात. आई गेल्यावर नीलमला तिनंच वाढवलं, स्वतःला कम्प्युटर म्हणजे काय ते ठाऊक नसताना कम्प्युटर शिकायला पाठवलं. नीलमनं फोन उचलला नाही. उचलला असता तर रडू फुटलं असतं.

२

सोमवारी सकाळी हेडक्लार्क पंजाबराव दारात येऊन म्हणाले, "सर, अकोल्याहून काये मॅडम आल्या."

"काळे, पंजाबराव, काळे!" डॉ. जगताप हसत म्हणाले. "त्या बाईंच्या नावाची तरी दया करा."

"थेच म्हनून राहिलो ना मी. काये."

माधवी काळे पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, विद्यापीठाच्या संगणक सुरक्षेचं काम पाहणाऱ्या बाई. बसमधून उतरल्या त्याच मूर्तिजापूरच्या पुढं रस्ता कसा खोदून ठेवलाय यावर कुरकुरत. खांद्याच्या पिशवीत लॅपटॉप आणि भाजलेल्या फल्लीची पुडी. सर्व्हर पाहायच्या आधी त्यांनी फल्ली काढली, शेंगा सोलत सोलत नीलमला जवळ बसवलं आणि विचारलं, "शनिवारपासून जेवली काय पोरी?"

नीलमनं नजर खाली वळवली.

"म्हणजे नाही. घे." मूठभर फल्ली तिच्या हातावर ठेवून त्या म्हणाल्या, "तू माझ्यासोबतच राहायचं. मी विचारीन, तू ऐकायचं. मधे बोलायचं नाही. तुझ्यावर माझा विश्वास आहे असं समजू नको. अजून कोणावरच नाही."

हे ऐकून धीर यावा की जावा, नीलमला कळेना. तिनं फल्ली मात्र खाल्ली.

शनिवारी दुपारी विभागात नीलमशिवाय चौघं होती: बोंडे सर, जगताप सर, मोनाली आणि पंजाबराव. शिपाई सुटीवर, बाहेरचं दार आतून लावलेलं.

बोंडे सरांनी पाकीट पुढं केलं. मॅडमनी शिक्का खिडकीपाशी नेऊन पाहिला.

"सर्व्हर सांभाळायचं काम बाहेरच्या एजन्सीला द्या, असं तुमचंच पत्र आहे वाटतं?"

"आहे. मग?" बोंडे सर तडकले. "कंत्राटी माणूस कधी सोडून जाईल सांगता येते काय? म्हणून मी माझ्याच विभागाला आग लावीन?"

"आग नाही म्हटलं मी. चहा सांगा."

डॉ. जगताप पुण्याचे. देखणे, मिठ्ठास, शर्टाला इस्त्रीची घडी. त्यांनी मॅडमसाठी खुर्ची ओढली.

"नुकसान माझंच झालं हो. पण रडून काय होणार? तयार तक्ते माझ्याकडं आहेत, काम अडणार नाही. नीलमवर फार कडक होऊ नका. देखभाल करताना एखादी कमांड चुकते माणसाची. तिच्या काकूच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून बिचारीचं लक्षच नव्हतं."

"बरी माहिती आहे तुम्हाला सगळ्यांच्या घरची."

"इथं दुसरं करायचं काय? दोन वर्षांत भाषासुद्धा शिकलो मी तुमची." जगतापांनी टेबलावर बोट वाजवलं. "सोपं सूत्र आहे. तुमच्याकडचा 'य' ऐकला की मनातल्या मनात त्याचा 'ळ' करायचा. सकाय म्हणजे सकाळ, डोया म्हणजे डोळा, काये मॅडम म्हणजे काळे मॅडम! अजून तरी कधी फसलो नाही."

मॅडमही हसल्या. नीलमला हसू आलं नाही. 'एखादी कमांड चुकते' हे त्यांनी इतक्या मायेनं म्हटलं होतं, की तिला क्षणभर स्वतःचाच संशय आला. आपलाच हात तर फिरला नसेल?

३

मोनाली आली तीच सुजलेल्या डोळ्यांनी. वरूडची पोर, घरची संत्र्याची बाग. दर महिन्याला बसनं जाऊन बागेतल्या उपकरणांतून आकडे आणायची, तीही हीच.

"तुझं तर सगळंच गेलं," मॅडम म्हणाल्या.

"हो."

"की बरं झालं? तुझे निष्कर्ष जगताप सरांच्या निबंधाशी जुळत नव्हते, असं ऐकते. आता जुळायचा प्रश्नच नाही."

मोनालीनं दचकून दाराकडं पाहिलं. दाराबाहेर जगतापांचा आवाज येत होता, ते कुणाशी तरी फोनवर हसत होते. "सर माझे गाईड आहेत, मॅडम," ती एवढंच म्हणाली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मॅडमनी पुन्हा विचारलं तरी ती त्यापुढं गेली नाही.

काहीतरी दडवत होती पोरगी. नीलमला वाटलं, हिला धरून गदागदा हलवावं. बुधवार दोन दिवसांवर आला होता, आणि ही ओढणी गुंडाळून राहिली!

शेवटी पंजाबराव. ते खुर्चीवर बसलेच नाहीत.

"मॅडम, तुमी काही विचाराच्या पयले मीच सांगतो. पासवर्ड मले माहीत हाये."

ज्या गोष्टीसाठी दोन रात्री तिचा डोळा लागला नव्हता, ती या माणसानं सहज टेबलावर ठेवली.

"नीलमबाई रजेवर व्हत्या, घरी डोयाचं ऑपरेशन व्हतं. अन् इकडे सर्व्हर बंद पडला. सारे बोंबलून राहिले. मंग मीच फोन केला त्याईले. त्या नाहीच म्हनत व्हत्या, मॅडम. मीच गयी पडलो. तवा त्याईनं फोनवर सांगतलं, अन् मी ऑफिसातल्या कम्प्युटरवरून थो पासवर्ड टाकला. एका फटक्यात चालू झाला."

"ऑफिसात? एकटेच होते?"

पंजाबरावांचा चेहरा उतरला. "नाही ना. बोंडे सर व्हते, जगताप सर व्हते, थे मोनाली व्हती. मले आयकू कमी येते. म्हनून मी मोठ्यानं बोलून पक्कं करून घेतलं."

म्हणजे सगळ्यांनी ऐकलं होतं. पाकिटावर लाख लावा, कपाटाला कुलूप लावा, आणि पासवर्ड हेडक्लार्कच्या खणखणीत आवाजात ऑफिसभर! हसावं की रडावं?

"तुम्ही हे लपवलं," पंजाबराव गेल्यावर मॅडम नीलमकडं वळल्या. आवाज थंड होता. 'तू'चं 'तुम्ही' झालं होतं.

"पासवर्ड सांगणं नियमाविरुद्ध आहे, मॅडम. मला वाटलं, पंजाबरावांनाही ओढतील. त्यांच्या निवृत्तीला थोडेच महिने राहिलेत..."

"आणि न सांगून काय झालं? संशयाला तुम्ही एकट्याच उरल्या." मॅडमनी टरफलं गोळा केली. "चला. आता सर्व्हर दाखवा. हात लावू नका, नुसतं बोट दाखवा."

४

बोंडे सरांनी पाहिली होती ती यशस्वी प्रवेशाची नोंद. मॅडमनी फसलेल्या प्रयत्नांची उघडली. शनिवारी नीलम खाली होती त्या अर्ध्या तासात तिथं तीन ओळी होत्या.

पहिली: अॅडमिन, पासवर्ड चुकला.

दुसरी: असं नाव अस्तित्वात नाही.

तिसरी: अॅडमिन, प्रवेश मिळाला.

"मधल्या ओळीत काय नाव टाकलंय बघा," मॅडम म्हणाल्या.

इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: mothimal.

"मोठीमल? मोतीमाल?" मॅडमनी चष्मा पुसला. "कोण हा मोतीमल? असा कुणी आहे विभागात?"

"नाही, मॅडम." नीलमनं पडद्याजवळ वाकून पाहिलं आणि तिचे कान तापले. "पण हे नाव नाहीच मुळी. आपली ही लॉगिनची खिडकी विचित्र आहे. पासवर्ड चुकला की कर्सर आपोआप वर, नावाच्या रकान्यात उडी मारतो. रोज वापरणाऱ्याला ठाऊक असतं. नवा माणूस पडद्याकडं न बघता पासवर्डच पुन्हा टाकतो, आणि तो नावाच्या जागी पडतो. पासवर्डची नोंद यंत्र ठेवत नाही, नावाची ठेवतं."

मॅडमचा हात पुडीत तसाच थांबला.

"म्हणजे हा त्यानं टाकलेला पासवर्ड? आधी चुकला, मग तोच पुन्हा, तो पडला वरच्या रकान्यात?"

"हो. पण माझा पासवर्ड हा नाही. जवळपास आहे. शेवटचं अक्षर वेगळं."

"सांग."

नीलम संकोचली. सुरक्षेच्या बाईपुढं हे सांगायचं म्हणजे लाजच. "मोठी माय," ती पुटपुटली. "जोडून. एम, ए, वाय."

"घरच्या माणसाचं नाव पासवर्डला ठेवतात काय गं? यावर मी वेगळी बोलणार आहे." मॅडमनी डोळे वटारले खरे, पण लगेच त्या कीबोर्डवर वाकल्या. वाय वरच्या ओळीत मधोमध, एल दुसऱ्या ओळीत पार उजवीकडं. बोट घसरून ही चूक व्हायची नव्हती. आणि एकदा नव्हे, दोनदा तीच.

"ज्यानं हे टाकलं, त्याला खात्री होती की शब्द हाच आहे," मॅडम हळूच म्हणाल्या. "मग चुकल्यावर विचार करून त्यानं तिसऱ्यांदा बरोबर टाकला." त्या खिडकीबाहेर बघत बसल्या आणि एकदम त्यांच्या तोंडावर हसू आलं. 'मोठी मा...' असं काहीतरी त्या स्वतःशीच दोन तऱ्हांनी म्हणून पाहत होत्या.

"कळलं काही?" नीलमनं घाबरत विचारलं.

"उद्या सकाळी मी एकच वाक्य बोलीन. चौघांशी वेगवेगळं, पण तेच. तू माझ्या मागं चालायचं आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. काढला, तर बुधवारी तुला मीसुद्धा वाचवू शकणार नाही."

५

मंगळवारी बस उशिरा आली. फाटकापाशी पंजाबराव सायकलला कुलूप लावत होते. मॅडम पदरानं घाम टिपत म्हणाल्या, "पंजाबराव, काल तर जीव नुसता टांगणीला. माही मोठी माय हरवली होती अकोल्याच्या बाजारात. आज सकायी सापडली."

"अरे बाप्पा!" पंजाबरावांची किल्ली हातातच राहिली. "बरी हाये ना? पडली-गिडली तं नाही? अशा वयात एकटं सोडाच नाही हो."

नीलम मागं मुकाट उभी. मोठी माय हा शब्द ऐकून तिला पर्समधला फोन आठवला. कालपासून तिनं पाच फोन उचलले नव्हते.

जिन्यात मोनाली भेटली. मॅडमनी तेच वाक्य टाकलं, त्याच सुरात.

"अगं बाई! रात्रभर कुठं होत्या त्या?" मोनालीचा हात तोंडाशी गेला. "काही खाल्लं का त्यांनी?"

बोंडे सर केबिनमध्ये फायली चाळत होते. वाक्य ऐकून त्यांनी चष्मा काढला. "च्च. विसरल्यासारखं होते का त्यांना? आमच्या मोठी मायचं शेवटी तसंच झालं होतं. गळ्यात फोन नंबर अडकवून ठेवा, मॅडम."

एवढा वेळ दगडासारखा वाटणारा हा माणूस क्षणभर हळवा झाला, आणि नीलमला त्याच्यावर रागवताही येईना. पण मॅडम कशावर जाळं टाकून राहिल्यात, ते तिला अजून उमगत नव्हतं. तिघांनीही जे कुणीही बोललं असतं तेच बोललं होतं. यातून कुणाचा काय गुन्हा सिद्ध होणार?

प्रयोगशाळेच्या दारात डॉ. जगताप उभे होते, हातात कॉफीचा कप.

"या, काळे मॅडम. दमलेल्या दिसता."

"दमणार नाही तर काय? काल जीव नुसता टांगणीला. माही मोठी माय हरवली होती अकोल्याच्या बाजारात. आज सकायी सापडली."

"अरेरे!" जगतापांनी मनापासून हळहळ दाखवली. मग ते हलकेच हसले, आपल्याला सगळं समजतं अशा ऐटीत.

"नशीब म्हणायचं, बाजारात हरवलेली वस्तू मिळाली. किती तोळ्यांची होती?"

६

सगळे बोंडे सरांच्या केबिनमध्ये बसले. तोळ्यांची! त्या एका शब्दासरशी नीलमच्या डोळ्यांपुढचं सगळं लख्ख झालं होतं, आणि आता ते कुणीतरी मोठ्यानं बोलायची ती वाट बघत होती.

मॅडमनी पडद्यावरच्या तीन ओळी सगळ्यांना दाखवल्या, कर्सरची खोड सांगितली. "नीलमला ही खोड पाठ आहे आणि पासवर्ड तिचा स्वतःचा. ती दोनदा चुकणार नाही. बोंडे सरांच्या कपाटात पासवर्ड लिहून ठेवलेला. त्यांना अंदाज बांधायची गरज नव्हती, शिक्का तोडून नवा लावला असता, पण त्यावर तर जुनी धूळ आहे. पंजाबरावांनी तो एकदा टाकलेला, पहिल्या फटक्यात बरोबर. उरले ज्यांनी नुसता कानांनी ऐकला ते दोघं. मोनाली आणि जगताप सर."

"मॅडम, हे जरा..." जगताप म्हणाले.

"पासवर्ड होता मोठी माय. मोठी काकू. वऱ्हाडात जन्मलेल्या माणसाच्या घरी एक तरी मोठी माय असतेच. आज सकाळी मी ती हरवली म्हटलं, तर एकानं विचारलं पडली का, एकीनं विचारलं जेवली का, एक म्हणाले गळ्यात नंबर अडकवा. आणि तुम्ही विचारलं, किती तोळ्यांची." मॅडमचा आवाज चढला नाही. "तुमचं सूत्र, सर. 'य' ऐकला की 'ळ' करायचा. माय ऐकली, तुम्ही माळ केली. मोठी माळ. बोटं फिरली ती एमएएलवर. ती लागेना, मग तुम्हाला आठवलं की पंजाबराव जसं बोलले तसंच टाकून पाहावं. तरी शब्दाचा अर्थ काही कळला नाही तुम्हाला. आज सकाळपर्यंत नाही."

जगताप हसले, पण हसू गालांपर्यंतच आलं. "व्वा. म्हणजे मला एक शब्द कळत नाही, म्हणून मी गुन्हेगार? उद्या मी बैठकीत हेच सांगेन, सगळे हसतील. आणि मी माझेच आकडे का पुसेन?"

हे खरंच होतं. नीलमला वाटलं, झालं, हातातोंडाशी आलेलं निसटलं. तिनं बोलायचं नव्हतं, पण तिला राहवलं नाही. ती मोनालीकडं वळली.

"मोनाली, बुधवारी पोलिसांत माझं नाव जाणार आहे. तुले काही माहीत असेल तर आत्ता सांग. मले अजून किती दिवस घरचे फोन असेच वाजू द्यायचे?"

मोनालीनं ओढणी सोडली.

"उपकरणांतली मेमरी कार्डं पुसून परत वापर, असं सरांनी मला सांगितलं होतं. मी नाही पुसली. नवी टाकत गेले. जुनी सगळी वरूडला आमच्या घरी आहेत, बाबांच्या कपाटात. सरांनी विचारलं तेव्हा पुसली असं मी खोटंच सांगितलं. शनिवारनंतर सांगायची हिंमत झाली नाही, सर गाईड आहेत... त्या कार्डांवरचे आकडे आणि सरांच्या निबंधातले आकडे एक नाहीत, मॅडम. निबंधात ओल जिथं दाखवलीय, तिथं बाग सुकून गेलीय. आमचीच बाग आहे ती. मी तिच्यात लहानाची मोठी झाले."

जगतापांनी कप टेबलावर ठेवायला घेतला. तो बशीवर न बसता कलंडला आणि कॉफी बोंडे सरांच्या कागदांवर पसरली. कुणीच ती पुसली नाही.

"मागच्या महिन्यात त्या नियतकालिकाचा मेल आला होता," बोंडे सर सावकाश म्हणाले. "मूळ आकडे पाठवा म्हणून. मीच तुमच्याकडं पाठवला, अनुप. तुम्ही म्हणाले, देखभाल झाली की देतो."

डॉ. जगतापांनी कलंडलेला कप उचलला. "ते आकडे थोडेसेच इकडचे तिकडे केले होते," ते म्हणाले. "सगळेच करतात." त्यांनी नीलमकडं पाहिलं नाही. नीलमला मात्र त्यांच्याकडं बघत राहावंसं वाटलं. मायेनं 'एखादी कमांड चुकते' म्हणणारा हा माणूस तिला चुलीत घालायला निघाला होता.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. बैठक बुधवारीच झाली, नाव मात्र दुसरंच गेलं. मोनालीचे बाबा कार्डं घेऊन स्वतः वरूडहून आले, पिशवीत वर चार संत्री. बोंडे सरांनी नीलमसमोर दोनदा घसा खाकरला. "चुकलंच माझं, नीलमबाई," एवढं बोलायला त्यांना फार कष्ट पडले, पण बोलले. फोनवर पासवर्ड सांगितल्याबद्दल तिला लेखी समज मिळाली. मॅडमनी ती स्वतः लिहिली आणि हातात देताना म्हणाल्या, "ही ठेव आणि शहाणी हो. घरच्या माणसाला कुलूप बनवायचं नसतं." मग उरलेली फल्ली तिच्या टेबलावर ठेवून त्या बस गाठायला निघून गेल्या.

नीलमनं दार लावलं आणि पासवर्ड बदलला. या वेळी तो कोणत्याच भाषेतला शब्द नव्हता. मग तिनं फोन काढला.

पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"जय भीम, मोठी माय."

"जय भीम. जिती हायेस का? इतके फोन केले! काहून उचलत नव्हती व? मले वाटलं, पोरीले काही झालं. जेवन गेलं नाही मले."

नीलमला वाटलं होतं, आता रडू येणार नाही. आलंच. तिनं सगळं सांगून टाकलं, सर्व्हर, बुधवार, पोलीस, सगळं. मोठी मायला त्यातलं अर्धं समजलं नसणार, पण ती मधे एकदाही बोलली नाही.

"म्हणजे माह्या नावानं त्यानं कुलूप उघडलं?" शेवटी तिनं विचारलं.

"हो. पण तू कोण हे त्याले माहीतच नव्हतं. त्याले वाटलं, तू गयात घालाची माळ हायेस. सोन्याची. किती तोळ्यांची म्हणून विचारलं त्यानं."

म्हातारी हसायला लागली, ठसका लागेपर्यंत हसली.

"सोन्याची म्हने! अन् तू काय सांगतलं त्याले?"

"काहीच नाही. मॅडमनी बोलू नको म्हटलं होतं."

"मंग आता सांग मले," मोठी माय म्हणाली. "किती तोळ्यांची हावो मी?"

नीलमनं डोळे पुसले. समोर सर्व्हरचे हिरवे दिवे शांत लुकलुकत होते.

"थांब," ती म्हणाली. "शनिवारी घरी येऊन राहिली. समोर बसवून सांगतो."